‘मेलेलं माणूस उठत नाही, बाई’

वाचकाचं पत्र

बाई, सलाम.

मी कसबा बावड्यात राहते. शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. जन्मापासून चर्चमध्ये वाढले आणि आता संडे स्कूलला लहान मुलांचा वर्ग घेते. माझे पप्पा उद्यमनगरात फिटर होते. रोज पहाटे मोठ्यानं बायबल वाचायचे. २०१९ च्या पुरात नदीकाठची माणसं शाळेत आणून ठेवली होती, तेव्हा पप्पा घरोघरी फिरून भाकरी गोळा करायचे. २०२१ च्या मे महिन्यात ते कोरोनानं गेले. मी त्या वेळी दुसऱ्या हॉस्पिटलात कोविड वॉर्डात होते. त्यांचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं शरीर, चार माणसं, पाळकसाहेबांनी लांबून केलेली प्रार्थना, आणि माती.

तेव्हापासून उपासनेत विश्वासाची कबुली म्हणताना ‘शरीराचे पुनरुत्थान’ हे शब्द आले की माझा आवाज बंद होतो. नुसते ओठ हलवते. ड्युटीवर माणूस जातो, मॉनिटरवरची रेघ सरळ होते. मी नळ्या काढते, अंग पुसते, हनुवटी बांधते, चिठ्ठी लावते. मेलेलं माणूस उठत नाही, बाई. मी बघते ना.

आमच्या प्रार्थना गटातल्या एका बाईंना हे बोलले. त्या म्हणाल्या, संशय सैतानाचा असतो, तू मुलांना बिघडवशील. हॉस्पिटलातली माझी हिंदू मैत्रीण परवा सहज म्हणाली, ‘तुमच्यात मेलेला माणूस खरंच उठला म्हणतात, ते काय गं?’ मला उत्तर देता आलं नाही. आता ईस्टरचा धडा आणि मुलांचं नाटुकलं माझ्याकडं आलंय. मी ढोंगी आहे का? वर्ग सोडून देऊ का?

— एक सिस्टर, कसबा बावडा

उत्तर

पोरी, सलाम.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला तारखेची घाई आहे. वर्ग सोडू नकोस. ईस्टरचा धडा तूच घे. असं का म्हणते, ते सांगायला मला थोडं लांबून यावं लागेल.

त्या प्रार्थना गटातल्या बाईंचं बोलणं वाचून मला वाईट वाटलं आणि रागही आला. दुखऱ्या माणसाला असं उत्तर द्यायचं नसतं. शिवाय ते पवित्र शास्त्राला धरूनही नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट काढून बघ. गालीलातला डोंगर आहे, अकरा शिष्य आहेत आणि समोर उठलेला प्रभू उभा आहे. ते त्याला नमन करतात, आणि त्याच वाक्यात मत्तय लिहितो की काहींना संशय वाटला. डोळ्यांनी बघत असताना! मत्तयाला हे गाळता आलं असतं. शुभवर्तमान लोकांचा विश्वास बसावा म्हणून लिहिलेलं, आणि त्याच्या अगदी शेवटाला ही कबुली. पुढं काय होतं ते तर आणखी बघण्यासारखं आहे. प्रभू संशय आलेल्यांना बाजूला काढत नाही. विश्वासाची खात्री झालेले इकडं या, बाकीचे घरी जा, असं म्हणत नाही. अकराही जणांना एकच काम देऊन पाठवतो. काम कोणतं? शिकवायचं. तुला वर्ग सोडू नकोस म्हणते ते एवढ्यावरच म्हणता आलं असतं.

तुझ्या पत्रात एक सूर आहे, त्याबद्दल बोलते. तू नर्सिंग शिकलीस, मरण जवळून पाहिलंस, म्हणून तुला आता खरं कळलं, आणि पूर्वीच्या भाबड्या माणसांना ते कळत नव्हतं, असं काहीसं तुझ्या मनात आहे. तसं नाही, पोरी. त्या माणसांना मरण आपल्यापेक्षा जास्त जवळून माहीत होतं. तेव्हा आयसीयू नव्हतं, पडदा ओढायला नव्हता. माणूस घरात जायचा, घरातल्यांनीच त्याला धुवायचं, गुंडाळायचं, कबरेत ठेवायचं. येशू लाजराच्या कबरेवरची धोंड काढा म्हणतो, तेव्हा लाजराची बहीण मार्था काय म्हणते आठव. प्रभूजी, आता त्याला दुर्गंधी येत असेल, चार दिवस झालेत. ही तुझ्याच जातीची बाई आहे, शरीराचं काय होतं ते जाणणारी. यहुद्यांमधले सदूकी तर पुनरुत्थान नाहीच म्हणायचे. प्रेषित पौल अथेन्समध्ये बोलायला उभा राहिला तेव्हा लोकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मेलेल्यांमधून उठण्याची गोष्ट आली तसे काही जण थट्टा करायला लागले. तेव्हा ‘मेलेलं माणूस उठत नाही’ हे पहिल्या शतकातल्या कोळ्यालाही ठाऊक होतं. ते ठाऊक होतं म्हणूनच तर ईस्टरची बातमी ही बातमी झाली.

आता येशूच्या कबरेकडं गेलेल्या बायकांकडं ये. तुझ्या पत्राला माझ्याकडं खरं उत्तर आहे ते यांच्यात आहे, म्हणून इथं जरा थांबते.

मार्क त्याच्या शुभवर्तमानात तिघींची नावं देतो. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, संपल्यावर त्यांनी सुगंधी द्रव्यं विकत घेतली आणि पहाटे कबरेकडं निघाल्या. आपण दर ईस्टरला हे वाचतो आणि पुढचं माहीत असल्यामुळं इथून घाईनं पुढं जातो. जरा विचार कर, द्रव्यं कशाला घेतली? मेलेल्या शरीराला लावायला. त्या तिघींपैकी एकीच्याही डोक्यात पुनरुत्थान नव्हतं. प्रभूनं आधी सांगून ठेवलं होतं तरी नव्हतं. त्यांच्या हातात विश्वास नव्हता, काम होतं. शुक्रवारी अंधार पडायच्या घाईत दफन उरकलं होतं, ते नीट करायचं राहून गेलं होतं, ते करायला त्या निघाल्या होत्या. वाटेत चिंता कसली, तर धोंड कोण लोटेल याची. अशी चिंता तुम्ही नर्सच करता, बॉडी हलवायला वॉर्डबॉय मिळेल का, ट्रॉली मोकळी असेल का.

आणि बातमी पहिल्यांदा त्यांनाच कळली. ज्यांना वचनं पाठ होती ते कड्या लावून बसले होते. ज्यांना आशा उरली नव्हती पण माया उरली होती, त्या कबरेशी पोचल्या.

तू रात्रपाळीला परक्या माणसाचं गार पडलेलं अंग पुसतेस, हनुवटी बांधतेस, आणि मला विचारतेस की मी ढोंगी आहे का. सांग बघू, ईस्टरच्या पहाटे त्या रस्त्यावर तू कुणाबरोबर चालली असतीस?

मार्काचा शेवटही तुला उपयोगी पडेल. फार जुन्या हस्तलिखितांमध्ये त्याचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीशी थांबतं. बायका थरथरत कबरेपासून पळाल्या, आणि भीतीमुळं त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. बस्स. पुढच्या ओव्या नंतर जोडलेल्या दिसतात, बायबलात तिथं टीपही असते. ईस्टरची सर्वांत जुनी कथा भीतीनं गप्प झालेल्या बायकांवर संपते, आणि मंडळीनं, म्हणजे चर्चनं, ती तशीच जपून ठेवली.

आता तुझा खरा प्रश्न. झालं का हे खरंच? तुला दुःख झालंय म्हणून संशय येतोय, रडून मोकळी हो म्हणजे विश्वास परत येईल, असं मी म्हणणार नाही. दुःख आहेच, त्याकडं मी येणार आहे. पण प्रश्नही खरा आहे आणि त्याला प्रश्न म्हणूनच मान दिला पाहिजे. काही लोक म्हणतात की पुनरुत्थान म्हणजे येशूचे विचार जिवंत राहिले, वसंत ऋतू, नवी उमेद वगैरे. ऐकायला बरं वाटतं, पण पौलाला ते चाललं नसतं. तो करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. मीही तिथंच उभी आहे. त्या कबरेत काहीतरी घडलं, असं माझं म्हणणं आहे.

ते पत्र ख्रिस्तानंतर सुमारे ५५ साली लिहिलेलं आहे, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेला वीस-पंचवीस वर्षं झाली होती. पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, आणि मग यादी देतो. केफा म्हणजे पेत्र, बारा जण, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग येशूचा भाऊ याकोब, आणि शेवटी स्वतः. त्याआधी तो यरुशलेमेत जाऊन पेत्रापाशी पंधरा दिवस राहून आला होता, याकोबालाही भेटला होता. ही ऐकीव कथा लांबून आलेली नाही.

तुला ड्युटीची ओव्हर घ्यायची सवय आहे. रात्री काय झालं ते तू पाहिलेलं नसतं. आधीची सिस्टर सांगते, चार्टवर लिहिलेलं असतं, आणि त्यावर भरवसा ठेवून तू इंजेक्शन भरतेस. भरवसा आंधळा नसतो, चार्ट वाचताना तू शंका काढतेस, फोन करून विचारतेस. पण मी स्वतः पाहिलं नाही म्हणून मी औषध देणार नाही, असं म्हणून बसत नाहीस. पौल तेच करतोय, ओव्हर देतोय. पुढं कित्येक हातांतून ती आली. १८५२ साली अमेरिकन मिशनरी वायल्डर पतिपत्नी कोल्हापुरात आले तेव्हा ती इथल्या माणसांच्या हातात आली, मराठीत आली, आणि फिरत फिरत उद्यमनगरातल्या एका फिटरकडून पहाटेच्या वाचनात तुझ्या कानावर पडली.

यानं सिद्ध झालं का? नाही. सिद्ध करता येईल अशी ती गोष्ट नाही आणि कुणी तसं भासवलं तर त्याच्यापासून जरा सावध राहा. चारही शुभवर्तमानांचे तपशील जुळत नाहीत हेही तुला माहीत असेल. एकात एक तरुण बसलेला, दुसऱ्यात दोन पुरुष उभे, बायकांची नावं कमी-जास्त. पण एक गोष्ट चौघांत सारखी आहे. कबर रिकामी असल्याचं पहिल्यांदा बायकांना कळलं. योसेफस नावाचा त्या काळचा यहुदी इतिहासकार लिहून गेलाय की बायकांची साक्ष धरू नये. लूक तर सांगतो की प्रेषितांनासुद्धा त्यांचं बोलणं बडबड वाटलं. कथा रचायचीच असती तर असे साक्षीदार कुणी घातले नसते. मला स्वतःला या मुद्द्याचा आधार वाटत आलाय. तुला वाटेल न वाटेल. विचार करून बघ.

तुझ्या मैत्रिणीला काय सांगायचं? वाद घालू नकोस, तिनं वाद घातलेला नाही. एक गोष्ट मात्र तिला आणि स्वतःलाही स्पष्ट सांग. सीपीआर देऊन तुम्ही माणूस परत आणता, तसं हे नाही. तसा लाजर होता. तो परत आला आणि पुढं कधीतरी पुन्हा मेला असणार. पुनर्जन्मही नाही, म्हणजे हे शरीर टाकून दुसरं घेतलं असं नाही. आणि आपल्यातलेसुद्धा मातीला गेल्यावर म्हणतात तसं ‘आत्मा वर गेला, शरीराचं काय एवढं’ असंही नाही. तोच येशू, तेच शरीर, हातांतल्या जखमांसकट, पण मरण ज्याला आता शिवू शकत नाही असं. लूक आवर्जून लिहितो की त्यानं भाजलेला मासा मागून घेऊन खाल्ला. मैत्रिणीला म्हण, ‘होय, आमच्यात असंच म्हणतात. मलाही कधीकधी अवघड जातं. पण मी ते सोडलेलं नाही.’ हे उत्तर खरं आहे, आणि सुटीच्या चहाला पुढं बोलता येईल असंही आहे.

आता पप्पांकडं येते.

त्या मे महिन्यात कोल्हापूरनं काय पाहिलं ते मी विसरलेले नाही. किती घरांनी आपली माणसं अशी गमावली. कुणाला अग्नी देता आला नाही, कुणाला माती देता आली नाही, पंचगंगेच्या घाटावर दहाव्याला चार माणसं जमेनात. तू लिहितेस की ‘प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं शरीर’. तुझं सगळं पत्र त्या तीन शब्दांभोवती फिरतंय असं मला वाटलं. हजार परक्यांची अंगं तू पुसलीस आणि ज्यांचं पुसायला हवं होतं त्यांचं पुसता आलं नाही. हा घाव साधा नाही. तो देवानं भरून काढला, आता विसर, असं मी म्हणणार नाही.

पण एक विचारते. शरीर म्हणजे नुसती माती असेल तर त्या प्लॅस्टिकचं एवढं का लागलं तुला? पप्पा तर गेलेच होते, मग कशात गुंडाळलं त्याचं काय? तरी तुला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. ज्या हातांनी पुरात घरोघरच्या भाकरी उचलल्या ते हात होते ते. त्यांची किंमत होती आणि आहे, असं तुझं मन आजही ठणकावून सांगतंय. ‘शरीराचे पुनरुत्थान’ म्हणताना मंडळी हेच सांगत असते. देवाला आपल्या माणसांची शरीरं टाकाऊ वाटत नाहीत. त्या शब्दांशी तुझा आवाज अडतो तो तुला ते खोटे वाटतात म्हणून, की खरे असायला हवेत असं फार वाटतं म्हणून? मला उत्तर माहीत नाही. तू शोध.

ओठ हलवण्याबद्दल आता काळजी करू नकोस. ती कबुली आपण एकेकटे आरशासमोर म्हणत नाही, मंडळीत उभं राहून म्हणतो. ज्या रविवारी तुला म्हणवत नाही त्या रविवारी गप्प उभी राहा आणि शेजारची म्हातारी म्हणते ते ऐक. पुढच्या महिन्यात तिच्या घशात शब्द अडकतील तेव्हा तू म्हण. थोमा या शिष्याच्या बाबतीत आपण नेहमी त्याच्या संशयाबद्दल बोलतो, पण मला त्या आठ दिवसांचं नवल वाटतं. बाकीचे म्हणत होते, आम्ही प्रभूला पाहिलं. हा म्हणत होता, खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. असे आठ दिवस गेले, आणि आठ दिवसांनी तो त्यांच्याबरोबरच, त्याच घरात होता. त्यांनी त्याला हाकललं नाही आणि तोही रुसून गेला नाही. प्रभू भेटला तो त्याला तिथं, सगळ्यांच्यात. थोमा एकटा कुठं निघून गेला असता तर काय झालं असतं कोण जाणे. परंपरा म्हणते की पुढं तोच आपल्या देशात शुभवर्तमान घेऊन आला.

मदर तेरेसा तर तुमच्याच कामातल्या. १९५२ मध्ये त्यांनी कोलकात्यात कालीघाटला मरणाऱ्या माणसांसाठी घर उघडलं. १९९७ मध्ये त्या गेल्या, आणि दहा वर्षांनी त्यांची खाजगी पत्रं छापली गेली तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. आत अंधार होता, आणि तरी त्या रोज उठून रस्त्यावरच्या माणसाच्या जखमा धूत होत्या. त्यांना ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. तुलाही स्वतःला म्हणू नकोस.

मार्कात एक बाप आहे, आजारी पोराला घेऊन आलेला. तो येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही. येशू त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणत नाही, पोराला बरं करतो. तुला दुसरी कुठली प्रार्थना जमत नसेल तर ड्युटीला जाताना बावड्याच्या बसमध्ये एवढीच करत जा.

आणि जगायचं कसं? पौल पंधराव्या अध्यायात पुनरुत्थानाबद्दल लिहितो ते त्याचं सर्वांत उंच लिखाण. मरणा, तुझा विजय कुठं, तुझी नांगी कुठं, असं विचारत तो शेवटाला येतो आणि म्हणतो, तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत. आणि त्याच्या पुढचं वाक्य? आता वर्गणीविषयी. यरुशलेमेतल्या गरजवंतांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या कमाईप्रमाणं काही बाजूला काढून ठेवावं. आपल्या बायबलात मध्ये सोळावा अध्याय म्हणून आकडा येतो, पण ते आकडे तेराव्या शतकात पडले. पौलाच्या पत्रात मध्ये काहीच नव्हतं. मरणाला ललकारून झालं की लगेच पैसे गोळा करायचं काम. मला हे फार खरं वाटतं. तुझ्या पप्पांनी पुराच्या दिवसांत भाकरी गोळा केल्या तेव्हा ते या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत उभे होते.

तेव्हा तुझ्यापुरतं सांगते. तुमच्याकडं कधीतरी बेवारस माणूस येतो आणि जातो. त्याचं अंग पुसताना त्याच्याशी बोल. नाव माहीत असेल तर नावानं, नसेल तर दादा, आजोबा म्हण. बाहेर नातेवाईक ताटकळत असतील आणि नियमात बसत असेल तर त्यांना दोन मिनिटं आत घे, तुला मिळाली नाहीत ती दोन मिनिटं त्यांना दे. पगारातून थोडं बाजूला काढून आपल्या मंडळीतल्या एखाद्या विधवेच्या घरी गॅस भर. हे करताना तुझा विश्वास किती टक्के आहे ते मोजू नकोस. मरणाचा शब्द शेवटचा नाही असं धरून ही कामं केली जातात, आणि ती करणारा मनातून डळमळीत असला तरी ती कामं डळमळीत होत नाहीत.

झोपेबद्दलही लिहिते, कारण तू लिहिलेलं नाहीस. लागोपाठ रात्रपाळ्या करून रविवारी सकाळी चर्चला येणाऱ्या बाईला देव जाणवला नाही तर त्यात देवाचा किंवा तिचा दोष बघायच्या आधी तिला झोपू द्यावं. ईस्टरच्या आधीच्या शनिवारी रात्रपाळी बदलून माग. आणि रात्री झोपच लागत नसेल, पप्पांचं ते दफन डोळ्यांसमोरून हलत नसेल, तर एखाद्या चांगल्या समुपदेशकाकडं जा. त्यात विश्वासाची कमतरता नाही. १८९४ पासून मिरजेचं मिशन हॉस्पिटल बघणाऱ्या आपल्या भागातल्या ख्रिस्ती माणसांना डॉक्टरकडं जाणं अविश्वासाचं वाटायचं काही कारण नाही.

पाळकसाहेबांशी बोल. त्यांनाही त्या दिवशी लांब उभं राहावं लागलं होतं, त्यांच्याही मनात ते असेल. त्यांना म्हण की पप्पांच्या कबरेवर आता, माणसं जमवून, एक नीट प्रार्थना करायची आहे. पाच वर्षांनी केली म्हणून काही बिघडत नाही. मम्मीला विचार, पप्पांना कधी संशय यायचा का. पहाटे मोठ्यानं वाचणारी माणसं पुष्कळदा स्वतःला ऐकवण्यासाठी वाचत असतात. ती काय सांगते ते ऐकून घे.

आता धडा. मुलांना मार्काचा सोळावा अध्याय पहिल्या आठ ओव्या वाचून दाखव. बायका घाबरल्या होत्या हे गाळू नकोस. मुलांना घाबरलेली मोठी माणसं घरात दिसतच असतात. मग योहानाचा विसावा अध्याय घे, दारं बंद असलेल्या घराचा. एखादं पोर विचारेलच, ‘टीचर, खरंच उठला का?’ तर खोटं बोलू नकोस आणि हात झटकूनही टाकू नकोस. म्हण, ‘आपली मंडळी दोन हजार वर्षं सांगत आलीय की उठला. माझ्या पप्पांनी मला तेच सांगितलं. मीही त्याला भेटायची वाट बघतेय.’ मुलांना एवढं कळतं.

नाटुकल्यात देवदूताचं काम सगळ्यांनाच हवं असतं, पांढरा झगा असतो म्हणून. यंदा थोमाचं कामही ठेव, आणि ते वर्गातल्या सर्वांत जास्त प्रश्न विचारणाऱ्या पोराला दे. त्याला रंगमंचाच्या कोपऱ्यात वेगळा उभा करू नकोस, बाकीच्या दहा जणांच्या मध्ये बसव. पडदा पडल्यावर सगळ्यांना मासा-भाकरी खायला घालता आली तर बघ, नाहीतर बिस्किटं चालतील.